३ए की ३डी? डिझेल इंजिनं ओळखताना माझी नेहमी फजिती होते

रुळाशेजारचा | शनिवार, रात्री ९:४२

मंडळी, कपाट आवरताना जुनी हार्ड डिस्क सापडली. त्यात २०१३ च्या पावसाळ्यातले मिरज स्टेशनचे शंभरेक फोटो निघाले. एका फोटोत पलीकडच्या रुळावर डिझेल इंजिन उभं आहे. एकटंच आहे की मागे गाडी आहे ते कळत नाही, कारण निम्मी चौकट एका भजीवाल्याच्या छत्रीने खाल्लीय. नंबर नेमका छत्रीमागे. केबिनवर शेडचं (इंजिनाची देखभाल होते त्या आगाराचं) नाव असतं, तेही तिथेच.

मी आपलं खाली 'डब्ल्यूडीएम-३ए, मिरज' असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत भाच्याचा मेसेज (अकरावीत आहे, अभ्यास सोडून सगळं करतो): "मामा, ३ए नाही, ३डी आहे. चाकं बघ."

चाकं बघितली. गोल आहेत. पुढे तीन, मागे तीन. फोटो मोठा करून बघितला तरी तेवढीच. त्याला म्हटलं समजावून सांग, तर "अरे दिसतंच की" यापलीकडे गाडी सरकेना.

मला आजवर स्टीम, डिझेल आणि इलेक्ट्रिक एवढंच खात्रीने कळत आलंय. डिझेलमध्ये मी रंगावर जायचो. नंबर न वाचता, फलाटावर उभं राहून, नुसत्या डोळ्यांनी ही इंजिनं वेगळी ओळखता येतात का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कोपरखळी | शनिवार, रात्री ९:५१

"चाकं बघितली. गोल आहेत." =))

पहिला टप्पा पार पडला म्हणायचा.

जुना_फिटर | शनिवार, रात्री १०:३०

तीस वर्षं एका डिझेल शेडमध्ये काढली आहेत (कुठलं ते विचारू नका, पेन्शन सुखाने चालू आहे). भाचा योग्य जागी बघतोय. इंजिन ओळखायचं तर खालून वर बघायचं. लोक वरून सुरुवात करतात आणि रंगात अडकतात. रंग शेडच्या मर्जीचा. इंजिन एका शेडकडून दुसऱ्याकडे गेलं की काही महिन्यांनी नवी साडी नेसून येतं.

आधी घराणं समजून घ्या. १९६२ ला अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून डब्ल्यूडीएम-२ आलं, २६०० हॉर्सपॉवरचं. १९६४ पासून ते वाराणसीच्या डीएलडब्ल्यू कारखान्यात बनायला लागलं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी डिझेल, एम म्हणजे मालगाडी-प्रवासी दोन्हीला चालणारं. जी असेल तर मालगाडी, पी असेल तर प्रवासी. पुढे १९९४ ला त्याच सोळा सिलिंडरच्या इंजिनातून ३१०० काढले. त्याला आधी २सी म्हणत, मग नाव बदलून ३ए झालं. १९९५ ला मालगाडीचा भाऊ आला, आधी डब्ल्यूडीजी-२, नंतर डब्ल्यूडीजी-३ए. २००३ ला डब्ल्यूडीएम-३डी, ३३०० हॉर्सपॉवर. सगळ्यांच्या पोटात तेच इंजिन, वर तोच पेटीसारखा सांगाडा. मग चेहरे सारखे दिसणारच.

आता चाकं. २ आणि ३ए च्या खाली जुनी ट्रायमाउंट बोगी असते, ओतीव पोलादाची. तिच्यात तीन चाकांमधली अंतरं सारखी नसतात. एक अंतर साडेपाच फुटांच्या आसपास, दुसरं सातच्या आसपास. ट्रॅक्शन मोटरी (चाकं फिरवणाऱ्या विजेच्या मोटरी) बसवायच्या म्हणून तशी रचना आहे. लांबून बघितलं की दोन चाकं खेटून बसलीत आणि तिसरं जरा रुसून बाजूला सरकलंय असं वाटतं. एकदा दिसलं की मग दर वेळी दिसतं.

३डी ची बोगी वेगळी, जोडकामाची. तिच्यात तिन्ही चाकं समान अंतरावर, आणि ॲक्सल बॉक्सपाशी उभ्या स्प्रिंगा ठळक दिसतात. फोटोत अंतरं सारखी असतील तर ३ए नव्हे, हे नक्की.

अनघा_के | शनिवार, रात्री १०:४४

बाळबोध प्रश्न: इंजिनाला बोगी कशी असेल? बोगी म्हणजे डबा ना? "आमची बोगी एस-४" असं आपण म्हणतोच की.

जुना_फिटर | शनिवार, रात्री १०:५२

ताई, प्रश्न बाळबोध नाही. सगळा महाराष्ट्र डब्याला बोगी म्हणतो. रेल्वेच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखालची किंवा इंजिनाखालची चाकांची चौकट, जी वळणावर स्वतंत्र फिरते. डब्याखाली अशा दोन असतात, इंजिनाखालीही दोन. मी नवीन लागलो तेव्हा साहेब म्हणाले, "जा, बोगी बघून ये." मी आख्खं यार्ड पालथं घालून आलो आणि सांगितलं, सर, एकही डबा उभा नाही. पुढचा महिनाभर मला सगळे 'डबा' म्हणत होते.

अनघा_के | शनिवार, रात्री १०:५५

धन्यवाद काका. माझा आत्मविश्वास परत आला.

तिरकस | शनिवार, रात्री ११:१०

चालू द्या. कोकण रेल्वेसुद्धा २०२२ मध्ये पूर्ण विजेवर गेली. आता ३ए काय आणि ३डी काय, दोन्ही भंगारात. विजेच्या तारेखाली उभं राहून डिझेलची चाकं मोजायची म्हणजे कमाल आहे.

रत्नांग्रीकर | शनिवार, रात्री ११:२४

@तिरकस, म्हणूनच तर आत्ता मोजायची. अजून यार्डात, मालधक्क्यावर, विजेचा खोळंबा झाला की मदतीला डिझेलच येतं.

फिटरकाकांनी सांगितलंय त्यात एक व्यवहाराची भर घालतो. फलाट उंच असेल तर त्याच फलाटावर उभं राहून चाकं दिसत नाहीत. इंजिन तुमच्यासमोर आणि नेमका महत्त्वाचा भाग फलाटाच्या कडेखाली! पलीकडच्या फलाटावरून बघायचं, मध्ये रिकामा रूळ असला की झालं काम. नाहीतर फलाटाचा उतार जिथे संपतो तिथपर्यंत चालत जायचं, उताराच्या खाली मात्र उतरायचं नाही. मी वाकून बघायला गेलो तेव्हा रेल्वे पोलिसाने विचारलं, "काय पडलंय?" म्हटलं, काही नाही, चाकांमधलं अंतर बघतोय. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही.

मीटरगेज_अकोला | रविवार, सकाळी ७:१५

वाचनखूण साठवली. लहानपणी अकोला-खंडवा मीटरगेजवर वायडीएम-४ बघत मोठे झालो. ती पण अल्कोच, पण सहा सिलिंडरची छोटी बहीण. त्यात वायडीएम-४ए नावाचा एक प्रकार होता, कॅनडात माँट्रियलच्या कारखान्यात बनलेला. दोन्हींत बाहेरून फरक काय? विशेष काही नाही. बाजूला बसवलेली कारखान्याची पाटी वाचायची. वडील म्हणायचे, पाटी वाचली नाही तर दोघी जुळ्या, एकीला हाक मारली की दोघी बघतात.

कुळेंकर | रविवार, सकाळी ९:०२

छान चाललाय धागा. मी गोव्यात कुळेंला राहतो, ब्रागांझा घाटाच्या पायथ्याशी. कॅसलरॉक ते कुळें साधारण २६ किलोमीटर आणि चढ ३७ ला १. मालगाडी वर चढवायची म्हणजे मागून ढकलायला बँकर लागतातच. त्यामुळे ईएमडी या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या घराण्यातली इंजिनं मी डोळ्यांआधी कानांनी ओळखतो.

इथवर चर्चा अल्कोची झाली. दुसरं घराणं ईएमडीचं. १९९९ ला डब्ल्यूडीजी-४ आयात झालं, ४००० हॉर्सपॉवरचं, मग वाराणसीत बनू लागलं. हुबळीचं शेड त्यांचं पहिलं घर. अल्को आणि ईएमडी वेगळी करायची तर लाँग हूडचं टोक बघा, म्हणजे केबिनपासून लांबचं टोक. अल्कोत रेडिएटर बाजूच्या भिंतीत असतो, वर एक भला मोठा पंखा, आणि टोकाची बाह्यरेषा सरळ खाली उतरते. ईएमडीत रेडिएटर वरच्या बाजूला बाहेर झुकलेले असतात. समोरून बघितलं तर इंजिनाला खांदे फुटल्यासारखे दिसतात. धुक्यातही हे खांदे चुकत नाहीत.

आवाजाचं म्हणाल तर अल्को फोर-स्ट्रोक, ईएमडी टू-स्ट्रोक. ज्यांनी बुलेट आणि आरएक्स-१०० दोन्ही चालवल्यात त्यांना एवढ्यात कळलं. अल्को उभं असताना धड-धड-धड करत श्वास घेतं, मधेच एक ठोका चुकल्यासारखं. ईएमडी सलग गुणगुणतं आणि जोर लावला की शिटीसारखा सूर चढतो.

धूरकट | रविवार, सकाळी ९:३०

आणि धूर! अल्कोचा काळा धूर विसरलात कुळेंकर. निघताना फलाटावरचे अर्धे लोक रुमाल काढायचे.

कुळेंकर | रविवार, सकाळी ९:४८

@धूरकट, विसरलो नाही, वेगळ्या परिच्छेदासाठी ठेवला होता. अल्कोचा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) फक्त एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो. ड्रायव्हरने नॉच (जोराची पायरी) वाढवला की डिझेल लगेच जातं, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात डिझेल जास्त, हवा कमी, आणि आकाश काळं. ईएमडीत कमी भारावर टर्बोला इंजिनच गिअरने फिरवतं, म्हणून तो खांब उठत नाही. फोटोत कोळशाच्या चुलीसारखा धूर दिसला तर अल्को म्हणायला हरकत नाही.

शिकागोतला_सदाशिवपेठी | रविवार, दुपारी १२:२०

इकडे रात्र झालीय, पण धागा बघून झोप उडाली. अमेरिकेत हा खेळ आणखी किचकट आहे, कारण रंग प्रत्येक कंपनीचा वेगळा आणि मॉडेल तेच. इथे मी छप्पर बघायला शिकलो. ईएमडीचं जीपी३८-२ आणि जीपी४०-२ बाजूने बघितलं तर एकाच साच्यातली. पण रस्त्याच्या पुलावरून खाली बघा: ३८ च्या मागच्या भागात रेडिएटरचे दोन पंखे, ४० ला तीन. कारण ३८ ला टर्बो नाही, २००० हॉर्सपॉवर. ४० ला टर्बो आहे, ३०००, म्हणून थंडावाही जास्त हवा. बाहेरचा फरक आतल्या गरजेतून येतो, हे एकदा डोक्यात बसलं की पाठांतर करावं लागत नाही.

तसंच एसडी४०-२ ला पुढे-मागे ऐसपैस ओसरी असते, कारण सांगाडा लांब आणि वरचं घर त्या मानाने आखूड. जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीचं एसी४४०० ओळखायचं तर केबिनच्या लगेच मागे डाव्या अंगाला मोठं कपाट दिसतं, त्यात इन्व्हर्टर असतात. त्याच्या डीसी मोटरींच्या भावंडाला ते कपाट नाही.

आपलं डब्ल्यूडीजी-४ इथल्या एसडी७०मॅकच्या घराण्यातलं. पहिल्यांदा इथे मालगाडीवर ते खांदे दिसले तेव्हा हुबळीच आठवलं.

तिरकस | रविवार, दुपारी १२:३१

शिकागोत राहून हुबळी आठवणारा सदाशिवपेठी पहिल्यांदाच बघितला.

रत्नांग्रीकर | रविवार, दुपारी १:०५

ईएमडीतल्या ईएमडीत कसं ओळखायचं ते राहिलं. मी आपल्या अनुभवाचं सांगतो.

दोन्ही टोकांना केबिन असेल तर नावात बहुधा शेवटी डी असतो: डब्ल्यूडीपी-४डी किंवा डब्ल्यूडीजी-४डी. इथे डी चा अर्थ दोन केबिन, हॉर्सपॉवर नव्हे. ३ए मधला ३ म्हणजे तीन हजार हॉर्सपॉवर आणि ए म्हणजे वरचे शंभर (बी म्हणजे दोनशे, असं पुढे), हे गणित इथे लावू नका. ३डी लाही ते नीट लागत नाही, ३४०० यायला हवेत आणि आहेत ३३००.

एकच केबिन असेल तर पी-४, पी-४बी किंवा जी-४. पी-४ ची गंमत अशी की सहा ॲक्सल असूनही मोटरी चारच. प्रत्येक बोगीतला आतला, म्हणजे इंजिनाच्या मध्याकडचा ॲक्सल नुसताच फिरतो. जड गाडी ओढताना चाकं घसरायची, म्हणून २०१० ला पी-४बी आलं, सहाच्या सहा मोटरी आणि ४५०० हॉर्सपॉवर. हा फरक फलाटावरून दिसेल अशी आशा धरू नका, तिथे नंबरच वाचा. २० ने सुरू झाला तर पी-४, ४० ने असेल तर ४बी किंवा ४डी, १२ किंवा ७० ने असेल तर मालगाडीवाला.

एक अवांतर. दोन केबिन का आल्या? एका केबिनचं इंजिन लाँग हूड पुढे करून धावतं तेव्हा ड्रायव्हरसमोर अख्खं इंजिन आडवं येतं. कोकणातल्या वळणांवर, पावसात, पुढचा सिग्नल त्या लांबलचक नाकावरून डोकावून बघायचा. आमच्या शेजारचे काका लोको पायलट होते, ते म्हणायचे, घराच्या माजघरात बसून अंगण झाडायचं.

जुना_फिटर | रविवार, दुपारी ३:१५

माजघर आवडलं. आमच्याकडे म्हणायचे, बैलाच्या शेपटीकडे बसून शिंगं सांभाळा.

एक इशारा देतो. पटियाळाच्या कारखान्यात जुन्या डब्ल्यूडीएम-२ ची पुनर्बांधणी व्हायची, आणि कित्येक इंजिनं तिथून ३१०० हॉर्सपॉवरची ३ए होऊन बाहेर पडली. नंबर जुनाच, फक्त मागे 'आर' लागायचा. म्हणजे १८ ने सुरू होणारं इंजिन बघून कुणी डोळे मिटून 'डब्ल्यूडीएम-२' म्हणालं तर पैज लावू नका. चाकंही तीच ट्रायमाउंट. तिथे बाजूला काय रंगवलंय ते वाचायचं आणि गप्प बसायचं.

आणि थोड्या डब्ल्यूडीएम-२ ना शॉर्ट हूड (केबिनपुढचं आखूड नाक) पूर्ण रुंदीचं होतं, समोर मोठाल्या काचा. त्यांना जम्बो म्हणायचे. ते मात्र आंधळ्यालाही ओळखू येईल.

गणिती | रविवार, दुपारी ४:४०

सगळं वाचलं. फिटरकाका, एक शंका. तुम्ही म्हणालात अंतरं सारखी असतील तर ३ए नव्हे. मान्य. पण डब्ल्यूडीजी-३ए खाली कुठली बोगी असते? माझ्या माहितीप्रमाणे तीच समान अंतराची. मग भाच्याने ३डी कशावरून ठरवलं? चाकांवरून 'डब्ल्यूडीएम-३ए नाही' एवढंच सिद्ध होतं. 'डब्ल्यूडीएम-३डी आहे' हे नाही.

जुना_फिटर | रविवार, दुपारी ५:२०

बरोबर पकडलंत. ही चूक मी स्वतः वर होऊ दिली. जी-३ए खालीही तीच बोगी. जी-३ए ला मालगाडी ओढायची म्हणून गिअरचं प्रमाण ७४ ला १८, तर डब्ल्यूडीएम-३ए ला ६५ ला १८. पण गिअर पेटीत बंद, तो फोटोत येत नाही. शेडमध्ये आम्ही तरी कुठे चेहरा बघायचो, नंबर बघायचो. ३डी चे नंबर ११ ने सुरू. जी-३ए चे १३ ने, काही १४ ने. म्हणजे गाडी परत छत्रीपाशीच आली.

रुळाशेजारचा | रविवार, रात्री ८:१०

मंडळी, दिवसभर बाहेर होतो, येऊन बघतो तर एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार.

आधी चाकं मोजली. स्क्रीनवर फूटपट्टी लावून. तीन चाकांमधली अंतरं सारखी आहेत, केसभरही फरक नाही. म्हणजे माझी ३ए बाद. आयुष्यभर रंग बघत होतो आणि खरी गोष्ट गुडघ्याच्या पातळीवर होती.

मग गणितींचा प्रतिसाद वाचून त्याच दिवसाचे बाकीचे फोटो चाळले. छत्रीवाल्या फोटोनंतर दोन फोटो सोडून एक पादचारी पुलावरून काढलेला आहे. त्यात मुख्य विषय आहे माझी बायको आणि वडापाव, पण कोपऱ्यात त्याच इंजिनाचं टोक आलंय. हेडलाइटच्या खाली नंबर. पहिले दोन आकडे स्पष्ट दिसतात.

१३.

म्हणजे डब्ल्यूडीजी-३ए. मी चूक, भाचाही चूक. त्याला लगेच कळवलं.

कोपरखळी | रविवार, रात्री ८:१४

आणि तो काय म्हणाला?

रुळाशेजारचा | रविवार, रात्री ८:२०

"मामा, मी निदान चाकं तरी बघितली होती."

जुना_फिटर | रविवार, रात्री ८:४५

पोरगं शेडमध्ये शोभेल. १३ च्या पुढचे आकडे वाचता आले तर टाका हो. एखादं आमच्या हाताखालून गेलेलं असायचं.

रुळाशेजारचा | रविवार, रात्री ९:०३

काका, मोठं करून बघितलं. पुढच्या तीन आकड्यांवर छत्रीच आहे. तीच, भजीवाल्याची. वरून बघितली तर हिरवी-पांढरी पट्ट्यांची आहे.